साठ नंबरचा दगड

मास्तरीणबाई पडल्या तेव्हा दहाला पाच मिनिटं कमी होती, आणि मास्तर साडेदहाला घरी यायचे होते. म्हणजे उठायला, ओले कपडे बदलायला आणि 'कुठे काय, काही नाही' असा चेहरा करायला हातात पस्तीस मिनिटं.

पडणं तसं साधंच. न्हाणीघरातून बाहेर आल्या, ओला पाय स्वयंपाकघराच्या दाराशी टेकला, पाय पुढे गेला आणि बाई मागे राहिल्या. डोकं भिंतीवर आपटायचं वीतभरानं चुकलं. कंबरेखाली उजव्या बाजूला मात्र असा दणका बसला की डोळ्यांपुढे काजवे चमकले. "आई गं!" म्हणून ओरडल्या आणि लगेच स्वतःच्याच तोंडावर हात दाबला. घरात चिटपाखरू नव्हतं, तरी दाबला. चोराच्या मनात चांदणं, दुसरं काय!

भीती दुखण्याची नव्हती, भीती लेकीची होती. सहा महिन्यांपूर्वी बाई पलंगाजवळ पडल्या आणि डावं मनगट मोडलं. तेव्हा लेक धावत आली, प्लास्टर होईपर्यंत गप्प होती, आणि मग घरभर फिरून म्हणाली, "आई, परत एकदा पडलीस ना, तर मी कुणाचं ऐकणार नाही. या घराला कुलूप आणि दोघंही माझ्याकडे." लेकीचं घर चौथ्या मजल्यावर, खोल्या दोन, त्यात ती, जावई आणि परीक्षेला बसलेली दोन मुलं. पण बोलली ते मनापासून बोलली. वर मास्तरांकडे वळून म्हणाली, "बाबा, शब्द द्या." आणि मास्तरांनी दिला की! मास्तरांनी दिलेला शब्द परत घेतल्याचं कुणाच्या ऐकिवात नाही. आज मंगळवार होता आणि रविवारी लेक यायची होती.

तेव्हा आधी उठायला हवं होतं. बाईंनी घाई केली नाही. दवाखान्यातल्या नर्सनं शिकवलं होतं तसं पडल्या पडल्याच पाय हलवून पाहिले. दोन्ही हलले. मग कुशीवर वळल्या, कोपरावर आल्या, गुडघ्यांवर आल्या, आणि रांगत रांगत जेवणाच्या खुर्चीकडे निघाल्या. बहात्तराव्या वर्षी रांगायचं म्हणजे काय थट्टा आहे? दर दोन हातांवर थांबायचं, दम घ्यायचा. खाली मान घातली की फरशीत स्वतःचा चेहरा दिसायचा, कपाळावर केस चिकटलेला, घाबरलेला. एवढी स्वच्छ, एवढी चकचकीत फरशी गावात दुसऱ्या कुणाच्या घरात नव्हती.

आता या फरशीचं सांगितल्याशिवाय पुढे जाता येत नाही. मास्तर म्हणजे शाळेतले नव्हेत, शाळेशी त्यांचा संबंध चौथीतच संपला. हे फरशी पॉलिशचे मास्तर. मशीनच्या पोटाखाली दगड बसवायचे, वरून पाणी सोडायचं आणि दोन मुठी धरून ते धूड फरशीवर गोल गोल फिरवायचं. पहिला साठ नंबरचा दगड, जाडाभरडा, नुसता ओरबाडणारा. मग एकशेवीस, मग दोनशेवीस, मग चारशे. नंबर चढला की दगड मऊ, आणि दगड मऊ झाला की फरशी गुळगुळीत. शेवटी मेण आणि गोणपाट. चाळीस वर्षं या माणसानं दुसरं काही केलं नाही.

बाई त्यांना कामावरच भेटल्या. मशीनपुढे पाणी ओतायचं, पांढरा गाळ लोटायचा, आणि वायर पाण्यात पडू नये म्हणून हातात उंच धरायची, हे त्यांचं काम. वय असेल विसाच्या आतबाहेर. एकदा एका मोठ्या कचेरीचं दालन तयार झालं, साहेब लोक खूश झाले, वा वा झाली. आणि ही पोरगी अनवाणी चालत खांबापाशी थांबली आणि सगळ्यांदेखत म्हणाली, "इथे चारशेचा दगड फिरलाच नाही. दोनशेवीसवरच सोडलंय." मास्तर लाल झाले. कारण खरंच सोडलं होतं. डोळा फसतो, हात फसतो, उजेडात तर कुठलीही फरशी चमकते. पण हिचा तळवा फसत नव्हता. टाच टेकवायची, डोळे मिटायचे, पाय चवड्यापर्यंत हळूच सरकवायचा आणि नंबर सांगायचा. वर्षभरात दोघांचं लग्न झालं. लोक म्हणाले, मास्तरांनी कटकट नको म्हणून लग्न केलं. अहो, कटकट घरी आणली की!

तेव्हापासून कुठलंही काम संपलं की मास्तर मशीन बंद करायचे, कपाळ पुसायचे आणि एकच प्रश्न विचारायचे, "कसं झालंय?" बाई पाय सरकवायच्या. 'आरसा' म्हणाल्या की काम पूर्ण. 'हं' म्हणाल्या की मास्तर मुकाट्यानं पुन्हा मशीन सुरू करायचे. मालक काय म्हणतो याची पर्वा दोघांनाही नव्हती.

स्वतःच्या घराची फरशी मास्तरांनी एकवीस दिवस घासली होती. पांढऱ्या सिमेंटात रंगीत खडी बसवलेली, आणि तिच्यावर असलं पॉलिश की लहानपणी लेक जमिनीत बघून भांग पाडायची. हातच्या काकणाला आरसा कशाला म्हणतात, यांच्या घरात तोंडाला सुद्धा आरसा लागत नव्हता. काम सोडून दहा वर्षं झाली तरी दर शनिवारी मास्तर गुडघ्यांवर बसून मेण लावायचे, गोणपाटानं घासायचे आणि विचारायचे, "कसं झालंय?"

"आरसा," बाई म्हणायच्या.

आणि गेली दोन वर्षं त्या खोटं बोलत होत्या.

साखरेचं दुखणं जुनंच. आधी तळव्यांना मुंग्या आल्या. मग सतत कुणीतरी जाड मोजे चढवल्यासारखं वाटायला लागलं. आणि मग काहीच वाटेनासं झालं. एकदा टाचेत खिळा शिरला, तो कळला कधी, तर फरशीवर लाल ठिपके दिसले तेव्हा. बाईंनी ठिपके पुसले, टाच बांधली आणि कुणाला चकार शब्द सांगितला नाही. सांगणार काय? शिक्षण नाही, नाव नाही, जन्मभरात एकच गोष्ट अशी होती की जी जगात फक्त त्यांना येत होती, आणि ती गेली होती. त्यात मास्तरांचा तो शनिवारचा चेहरा. कपाळ पुसून वर बघणारा. त्याला 'मला कळत नाही' म्हणायचं धाडस बाईंना झालं नाही. झाकली मूठ सव्वा लाखाची.

दोन महिन्यांपूर्वी दवाखान्यातल्या नर्सनं पाय तपासले. "डोळे मिटा आजी. दोरा टेकला की 'हो' म्हणा." आजींनी आधी पापण्यांतून बघायचा प्रयत्न केला, तर नर्सनं मधे वही धरली. मग आजींनी अंदाज बांधला, ही बाई दर दोन श्वासांनी दोरा टेकवते. झालं! "हो. हो. हो. हो." नर्स थांबली आणि म्हणाली, "आजी, शेवटच्या चार वेळा मी दोरा लावलाच नव्हता."

"मग वाटलं असेल मला," आजी म्हणाल्या.

नर्स हसली नाही. तिनं खुर्ची जवळ ओढली आणि नीट सांगितलं. घरात मागे पट्टा असलेल्या चपला घाला. पलंगावरून उठताना मिनिटभर बसा आणि मग उभ्या राहा. ओल्या पायानं गुळगुळीत फरशीवर येऊ नका. पडलात तर असं असं उठा. आणि सगळ्यात आधी घरात सांगा. सांगाल ना? "सांगते की," म्हणून बाई आल्या. येताना पट्ट्याच्या चपला घेतल्या, त्या खोक्यातून बाहेर निघाल्याच नाहीत. घरात चपला घातल्या असत्या तर मास्तरांनी विचारलं असतं, का गं?

असो. तर मंगळवारी बाई खुर्चीला धरून उठल्या. कपडे बदलले, ओले कपडे पिळून वाळत घातले, शेंगांची टोपली पुढे ओढली आणि सोलायला बसल्या. उजव्या बाजूला बूड टेकववत नव्हतं, म्हणून डाव्या अंगावर कलत्या बसल्या. मास्तर पाच मिनिटं आधीच आले.

दारातच थांबले. बाईंचा हात शेंगेवर थांबला.

मास्तरांनी पिशवी खाली ठेवली. ते बाईंकडे बघत नव्हते. स्वयंपाकघराच्या दाराशी गेले, गुडघ्यांवर हात टेकून वाकले आणि डोकं तिरकं करून फरशीवरून नजर टाकली, उजेडाकडे तोंड करून, कामावर असताना टाकायचे तशी. मेणाच्या फरशीवर काय राहत नाही? घसरलेल्या टाचेचा लांब ओरखडा. तळहातांचे ठसे. गुडघ्यांचे ठसे, खुर्चीपर्यंत. कपडे बदलले, चेहरा बदलला आणि फरशी पुसायची विसरल्या! पन्नास वर्षं फरशीवाल्याबरोबर काढलेली बाई फरशी पुसायची विसरली.

"काय बघताय एवढं?" बाईंनी विचारलं. आवाज नीट आला, त्याचं त्यांनाच नवल वाटलं.

"काही नाही. मेण उडालंय जरा."

"मग लावा शनिवारी."

"हं," मास्तर म्हणाले आणि पाय धुवायला गेले.

बुधवार गेला, गुरुवार गेला. मास्तर बोलत होते, पण कामापुरतं. जेवताना बाई खुर्चीत कशा बसतात ते बघत होते, आणि बाईंनी वर पाहिलं की दुसरीकडे बघत होते. विचारलं असतं तर बरं झालं असतं. विचारत नाहीत म्हणजे कळलंय, की कळलं नाही म्हणून विचारत नाहीत? बाईंना काही उमगेना. उजव्या मांडीवर ताटलीएवढा निळा डाग चढला होता, तो त्या दार लावून बघायच्या. शुक्रवारी एकदा ओठांवर आलं होतं, 'अहो, ऐका ना.' मास्तर झटकन वळले. बाई म्हणाल्या, "मीठ संपलंय."

शनिवारी सकाळी शेजारीण त्यांना साखर तपासायला दवाखान्यात घेऊन गेली. परत आल्या तेव्हा मास्तर स्वयंपाकघराच्या दाराशी उभे होते, हातात ओलं फडकं. दाराशी फरशी नुकतीच पुसलेली, ओली, लकाकणारी.

"झालं का मेण?"

"झालं. ये, बघ."

बाई आल्या. चपला काढल्या. मास्तरांनी पुढे होऊन त्यांचं कोपर धरलं. पन्नास वर्षांत तपासणीच्या वेळी त्यांनी बाईंना कधी हात लावला नव्हता. पण आता माघार कशी घ्यायची? टाच टेकवली. डोळे मिटले. पाय चवड्यापर्यंत सरकवला. काही नाही. जणू पाय दुसऱ्याच कुणाचा.

"कसं झालंय?"

"आरसा," बाई म्हणाल्या.

कोपरावरचा हात एकदम घट्ट झाला. मग सैल पडला. मास्तरांनी त्यांना खुर्चीपर्यंत नेलं, बसवलं, आणि मागच्या दारानं बाहेर गेले.

बाई बसून राहिल्या. हळूहळू दाराशी पाणी वाळलं. ओली असेपर्यंत कुठलीही फरशी चमकते, हे त्यांना कुणी सांगायला नको होतं. आणि वाळल्यावर दिसलं. तीन-चार हातांचा एक चौकोन, राखाडी, मेलेला, राखेनं घासलेल्या तव्यासारखा. बाई खुर्चीला धरून खाली बसल्या आणि हात लांब करून तळवा टेकवला. हाताला खरखर लागली. ही खरखर त्या झोपेतही ओळखल्या असत्या. साठ नंबर.

पायाखालची जमीन सरकली असं म्हणतात. इथे जमीन जागेवर होती, आणि ती सरकली असती तरी बाईंच्या पायांना कळलं नसतं. त्यांना रडू आलं नाही, आधी लाज वाटली, आणि लाजेच्या पाठोपाठ संताप. ही काय रीत झाली? बायकोची परीक्षा घेता?

मागच्या दारी मास्तर मशीनपाशी बसले होते. दहा वर्षं गोणपाटाखाली झाकलेलं मशीन उघडं पडलं होतं.

"लाज नाही वाटली?" बाई दाराला धरून म्हणाल्या. "चोर पकडल्यासारखं पकडलंत मला!"

"किती दिवस झाले?"

"विचारायचं होतंत सरळ!"

"चार दिवस वाट बघितली. मंगळवारी तू पडलीस ते फरशीनं सांगितलं, मला वाटलं आता तू सांगशील. काल म्हणालीस, मीठ संपलंय." मास्तरांचा आवाज चढला. "मीठ! किती दिवस कळत नाही पायाला?"

"दोन वर्षं."

मास्तरांचे ओठ हलले, मोजल्यासारखे. "दोन वर्षं मी दर शनिवारी मेण लावतोय," ते म्हणाले. "तुझ्या पायांखाली. मनगट मोडलं त्याच्या आदल्या दिवशी पण लावलं होतं. म्हणजे मीच पाडलं तुला. दोन्ही वेळा मीच पाडलं, आणि तू म्हणत राहिलीस आरसा, आरसा."

"मग काय म्हणू? तुम्ही तसं बघता वर, मग काय म्हणू?" आता मात्र बाईंना रडू फुटलं. "आणि शब्द कुणी दिला लेकीला? मी का? पडले म्हणून सांगितलं की घराला कुलूप. मग चौथ्या मजल्यावर पोरांची पुस्तकं उचलून जागा करायची आणि दिवसभर कोचावर बसून राहायचं दोघांनी. नाही सांगितलं. परत पडले असते तरी सांगितलं नसतं."

"आणि डोकं फुटलं असतं तर?"

मास्तर उठले. मशीनच्या मुठी धरून त्यांनी ते हलवून पाहिलं.

"उद्या ती येईल," ते म्हणाले. "कोंबडं झाकलं म्हणून तांबडं फुटायचं राहत नाही. तू सगळं सांगायचंस. पण त्याआधी मी ही फरशी मारतो, चमक उतरवतो सगळी."

"काहीतरीच काय! एकवीस दिवस घासलीय ती."

"चढवायला एकवीस लागले. उतरवायला अर्धा दिवस पुरेल. पलंगापासून न्हाणीघरापर्यंत, सगळी वाट. साठ नंबर."

"अहो, चौऱ्याहत्तर वय आहे तुमचं. ते धूड तुम्हाला आवरायचं नाही. दुसऱ्या कुणाला बोलवा."

"माझी फरशी दुसरा कोण मारणार?" मास्तर म्हणाले. सुंभ जळला तरी पीळ जात नाही, तो असा.

दुपारी मशीन आत आलं. बाईंना बटणाशेजारी खुर्ची मिळाली, पायांत पट्ट्याच्या चपला, आणि हातात वायर. "तुझं काम तुला," मास्तर म्हणाले. बाईंनी वायर उंच धरली. खांदा पहिल्या मिनिटालाच भरून आला, पण वायर खाली आली नाही.

मशीन सुरू झालं आणि घर हादरायला लागलं. मास्तरांनी पलंगाकडून सुरुवात केली, सवयीनं, आतून बाहेर. पाणी, गाळ, घरघर. बाईंचं लक्ष मशीनकडे नव्हतं, मास्तरांच्या पायांकडे होतं. ते उभे होते आपल्याच आरशावर, आणि आरशावर आता पाणी पसरत होतं. त्यांना ओरडून सांगावं म्हणून बाईंनी तोंड उघडलं आणि त्याच क्षणी मास्तरांची डावी टाच गेली. मशीननं एकदम हिसका दिला, मुठी हातातून सुटल्या, मास्तर एका गुडघ्यावर आदळले आणि धूड गरगरत त्यांच्याकडे वळलं.

बाईंनी बटण बंद केलं. कसं केलं ते त्यांनाही कळलं नाही. मशीन मास्तरांच्या गुडघ्यापासून हातभर अंतरावर थांबलं. घरात फक्त पाणी ठिबकल्याचा आवाज.

"लागलं?"

"नाही."

"खरं सांगा!"

मास्तरांनी वर पाहिलं. "लागलंय जरा," ते म्हणाले. "गुडघ्याला. मोडलं नाही."

"वाकवून दाखवा."

त्यांनी वाकवून दाखवलं. मग तिथेच गाळात बसून राहिले, धापा टाकत. बाईंच्या हातातली वायर अजून उंचच होती. "आता ऐकायचं माझं," त्या म्हणाल्या. "तिकडून नाही. स्वयंपाकघराच्या दाराशी जिथे मारलीय ना, त्या खरखरीत जागेवर उभं राहा आणि तिथून पुढे या. आधी उभं राहायला जागा करा, मग पुढची मारा. पाय कायम मारलेल्या फरशीवर."

मास्तरांनी ऐकलं. जन्मभर लोकांच्या फरश्या आतून बाहेर घासल्या होत्या, स्वतःची पहिल्यांदाच उलटी घासली. दर दहा मिनिटांनी बाई बटण बंद करायच्या आणि त्यांना बसायला लावायच्या. आधी न्हाणीघराकडे, मग इकडे. उन्हं कलेपर्यंत वाट पलंगाला येऊन टेकली. गाळ निपटल्यावर फरशी दिसली ती राखाडी, निस्तेज. तीत कुणाचाच चेहरा दिसत नव्हता. मास्तरांनी तिच्याकडे एकदाच नीट पाहिलं आणि मशीन पुसायला घेतलं. रविवारी सकाळी शेजारचा प्लंबर येऊन न्हाणीघराच्या भिंतीला आणि वाटेवर धरायला पाइप ठोकून गेला.

लेक अकराला आली. दारातच तिच्या हातातली पिशवी घसरली.

"बाबा! हे काय केलंत?"

मास्तरांच्या आधी बाई बोलल्या. घोकून ठेवलं होतं, तसं एका दमात. "मी मंगळवारी पडले. आणि दोन वर्षं झाली, माझ्या पायांना काही कळत नाही. खिळा शिरला तरी कळत नाही. तुझ्या बाबांना पण काल कळलं."

लेक खाली बसली. तिनं आईकडे पाहिलं, बापाच्या सुजलेल्या गुडघ्याकडे पाहिलं, भिंतीवरच्या पाइपकडे पाहिलं. "आपलं ठरलं होतं, आई," ती म्हणाली. डोळे भरले होते, पण आवाज पक्का होता. "रोज फोन वाजला की माझ्या छातीत धडधडतं, ते तुम्हाला काय माहीत."

"ठरलं होतं," मास्तर म्हणाले. "शब्द माझा आहे. तू म्हणशील तर आत्ता कुलूप लावतो. फक्त त्याआधी तिला एकदा चालताना बघ."

बाई पलंगाच्या कडेवर बसल्या. मिनिटभर बसून राहिल्या, नर्सनं सांगितलं होतं तसं. मग उभ्या राहिल्या, पाइप धरला आणि निघाल्या. लेक बघत होती. खोली संपेपर्यंत ठीक होतं. पण स्वयंपाकघराच्या दाराशी पाइप संपत होता, आणि न्हाणीघराचा पाइप चार पावलांवर सुरू होत होता. चार पावलं, धरायला काही नाही. आणि जागा तीच, मंगळवारची.

बाई थांबल्या. उजवा पाय उचलला आणि परत ठेवला. खाली नुसतं राखाडी दिसत होतं आणि पायाला काही लागत नव्हतं. हात पाइपला असा चिकटला की सुटेना. लेक उठायला लागली. मास्तरांनी हातानं तिला थांबवलं.

"अहो," बाई वळून न बघता म्हणाल्या, "कसं झालंय?"

पन्नास वर्षांत हा प्रश्न त्यांनी पहिल्यांदा विचारला होता. मास्तर लंगडत पुढे आले, दुखऱ्या गुडघ्यासकट खाली बसले आणि दोन्ही तळहात फरशीवर फिरवले, या भिंतीपासून त्या भिंतीपर्यंत. घाई केली नाही.

"साठ नंबर आहे," ते म्हणाले. "खरखरीत. सगळीकडे सारखं. टाक पाय."

बाईंनी पाइप सोडला आणि पाय टाकला. एक. दोन. तीन. चार. पुढचा पाइप हाताला लागला तेव्हा त्यांच्या पाठीवरून घाम ओघळत होता. तिथून वळल्या आणि तशाच परत आल्या, न थांबता, पलंगापर्यंत.

लेक उठली. तिनं चपला काढल्या, भिंतीला लावून ठेवल्या, आणि न्हाणीघराच्या दाराशी जाऊन टाच टेकवली. डोळे मिटले. पाय चवड्यापर्यंत सरकवला. मग पुढचं पाऊल, मग पुढचं. तिला हे कुणी शिकवलं नव्हतं, लहानपणी आईचं बघितलं होतं तेवढंच. मास्तर आणि बाई जागच्या जागी खिळून बघत राहिले. वाट संपत आली तशी ती पलंगाजवळ थांबली आणि पाय पुन्हा एकदा फिरवला.

"बाबा, इथे राहिलंय," ती डोळे न उघडता म्हणाली. "आई उतरते ना, अगदी तिथेच. गुळगुळीत आहे."

मास्तरांनी हात लावून पाहिलं. खरंच राहिलं होतं, वीतभर. "मशीन कडेपर्यंत जात नाही," ते पुटपुटले.

"मग हातानं करा."

"आणि कुलूप?" बाईंनी विचारलं.

लेकीनं डोळे उघडले. "दर रविवारी येऊन बघणार मी," ती म्हणाली. "आणि यापुढे पडलीस तर पहिला फोन मला. आता पाय वर घे, बाबांना घासू दे."

बाईंनी पाय पलंगावर घेतले. मास्तर भिंतीला धरून उठले आणि साठ नंबरचा दगड आणायला मागच्या दारी गेले.